फोनवर ऐकता येणारा रॉक ऑपेरा पाहायला लोक परदेशात का जातात?

'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'चा मूळ अल्बम साधारण 87 मिनिटांचा आहे. कोणत्याही म्युझिक ॲपवर तो सापडतो. 1973 चा चित्रपट आहे, 2012 च्या भव्य दौऱ्याचं चित्रीकरण आहे, 2018 मध्ये अमेरिकन टीव्हीवर थेट दाखवलेला प्रयोग आहे. म्हणजे घरच्या सोफ्यावर बसून सगळं पाहता-ऐकता येतं. तरीही या एका कलाकृतीसाठी लोक रजा टाकतात, बँकेची स्टेटमेंट्स गोळा करून व्हिसाचा अर्ज भरतात आणि दुसऱ्या देशातल्या एका नाट्यगृहातल्या दोन तासांसाठी विमानात बसतात.

2014 पासून इटलीत याचं एक ठळक उदाहरण दिसलं. 1973 च्या चित्रपटात येशूची भूमिका करणारे टेड नीली तेव्हा सत्तरी ओलांडत होते. रोमच्या सिस्टिना नाट्यगृहाशी जोडलेले दिग्दर्शक मासिमो रोमिओ पिपारो यांनी त्यांना पुन्हा त्याच भूमिकेत उभं केलं. बाकीचे कलाकार इटालियन आणि गाणी मूळ इंग्रजीत. चाळीसेक वर्षं त्या चित्रपटावर प्रेम करणारे प्रेक्षक वेगवेगळ्या देशांतून तिथे पोहोचले. सत्तरीतला माणूस तेहतीस वर्षांच्या येशूचं गाणं गातोय, हे कागदावर विचित्र वाटतं. जाणाऱ्यांना तो प्रश्नच पडला नाही.

हे वेड नेमकं कशामुळे? आणि भारतातून कुणाला असं जायचं असेल, तर पैसे कुठे अडकतात, तारखा कुठे चुकतात?

रॉक ऑपेरा म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि मध्ये पदं येतात. पाश्चात्त्य 'म्युझिकल'चा ढाचाही ढोबळमानाने तसाच: बोलणं, मग गाणं, मग पुन्हा बोलणं. ऑपेरात मात्र बोलणं जवळजवळ नसतंच. भांडण, प्रेम, कारस्थान, मरण, सगळं गाण्यातूनच पुढे सरकतं. रॉक ऑपेराने ही गाऊन गोष्ट सांगण्याची रीत उचलली आणि तिच्यासोबत इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्स जोडले.

गंमत म्हणजे हा प्रकार रंगभूमीवर जन्मलाच नाही, तो रेकॉर्डवर जन्मला. ब्रिटिश बँड 'द हू'ने 1969 मध्ये 'टॉमी' हा दुहेरी अल्बम काढला आणि 'रॉक ऑपेरा' हा शब्द सर्वतोमुखी झाला. 'टॉमी'ला ब्रॉडवेवर म्युझिकल म्हणून यायला 1993 उजाडलं. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' 1979 चा. त्यातल्या रॉजर वॉटर्स यांनी बर्लिनची भिंत पडल्यानंतर, जुलै 1990 मध्ये, बर्लिनमध्येच त्याचा जंगी प्रयोग केला.

'सुपरस्टार'ची कथाही अशीच. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर आणि गीतकार टिम राइस तेव्हा विशीत होते. येशूच्या अखेरच्या दिवसांची गोष्ट, तीही बरीचशी त्याचा विश्वासघात करणाऱ्या ज्यूडासच्या नजरेतून, आणि रॉक संगीतात. हे रंगमंचावर आणायला निर्माता मिळेना. म्हणून दोघांनी आधी अल्बम काढला. 1970 मध्ये आलेल्या त्या अल्बममध्ये येशूचा आवाज होता 'डीप पर्पल' बँडचे गायक इयन गिलन यांचा आणि ज्यूडासचा मरे हेड यांचा. अमेरिकेत अल्बम तुफान चालला. मग निर्माते आपणहून आले.

या उलट्या क्रमाचा परिणाम आजही दिसतो. बहुतेक नाटकांचा पहिला प्रयोग हाच त्यांचा 'मूळ' असतो. इथे मूळ आहे ती रेकॉर्ड. रंगमंचावर ते कसं दिसावं, हे अल्बमने कुठेच सांगितलेलं नाही. प्रत्येक दिग्दर्शकाला ते नव्याने ठरवावं लागतं, आणि चाहत्यांच्या प्रवासाचं मूळ इथेच आहे.

एकच ऑपेरा, पण प्रत्येक देशात वेगळा

ऑक्टोबर 1971 मध्ये ब्रॉडवेवर तो पहिल्यांदा उभा राहिला. दिग्दर्शक टॉम ओ'हॉर्गन यांनी डोळे दिपवणारं, भडक नेपथ्य केलं. बाहेर ख्रिस्ती आणि ज्यू गटांची निदर्शनं सुरू होती. आत वेगळीच डोकेदुखी होती. रॉक बँडच्या आवाजात गायकांचे शब्द प्रेक्षकांपर्यंत पोहोचवायचे कसे, याचं तयार उत्तर त्या काळच्या नाट्यगृहांकडे नव्हतं. रॉक मैफलींचा अनुभव असलेले एब जेकब यांना आवाजाची व्यवस्था सावरायला बोलावण्यात आलं. ध्वनिसंयोजन हे ब्रॉडवेवर स्वतंत्र काम म्हणून रुजलं, त्याचं बरंच श्रेय त्यांना दिलं जातं. वेबर यांना स्वतःला ती निर्मिती आवडली नव्हती, हे त्यांनी नंतर लपवलं नाही. 711 प्रयोगांनंतर ती बंद झाली.

लंडनमध्ये मात्र 1972 मध्ये पॅलेस थिएटरला सुरू झालेली, तुलनेने साधी निर्मिती 1980 पर्यंत चालली. 3,358 प्रयोग. बंद झाली तेव्हा वेस्ट एंडवर सर्वाधिक काळ चाललेलं म्युझिकल हा विक्रम तिच्या नावावर होता. ही इमारत 1891 मध्ये इंग्रजी ऑपेरासाठी बांधली गेली होती. तिथे ऑपेरा फार काळ टिकला नाही, पण ऐंशी वर्षांनी रॉक ऑपेरा आठ वर्षं टिकला.

पुढे जगभर याची रूपं बदलत गेली. जपानमध्ये 1973 मध्ये केइता असारी यांच्या शिकी नाट्यसंस्थेने काबुकी शैलीची रंगभूषा करून तो आणला. येशूच्या जेरुसलेमला जपानी चेहरा मिळाला. स्पेनमध्ये 1975 च्या नोव्हेंबरमध्ये लोकप्रिय गायक कामिलो सेस्तो यांनी तो स्पॅनिशमध्ये गायला. हुकूमशहा फ्रँको तेव्हा मृत्युशय्येवर होता. प्राग शहरात 1994 ते 1998 या चार वर्षांत चेक भाषेत बाराशेहून जास्त प्रयोग झाले. मॉस्कोच्या मोसोव्हिएत नाट्यगृहात 1990 मध्ये रशियन आवृत्ती सुरू झाली, म्हणजे सोव्हिएत संघ अजून नकाशावर होता तेव्हा.

मुंबईही या नकाशावर आहे, आणि बरीच आधीपासून. 1974 मध्ये अलेक पदमसी यांनी इथे इंग्रजीत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' केलं. त्यात ज्यूडास होते नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवरचे आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. हेच नंदू भेंडे पुढे 1978 मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त गाताना दिसले. रॉक ऑपेरातून थेट मराठी रंगमंचावर आलेला दुसरा असा आवाज चटकन आठवत नाही.

लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या खुल्या नाट्यगृहात 2016 मध्ये दिग्दर्शक टिमथी शीडर यांनी केलेली निर्मिती हे अलीकडचं गाजलेलं रूप. 1971 मध्ये जो मायक्रोफोन डोकेदुखी ठरला होता, तोच इथे नाटकाची मुख्य वस्तू झाला. पात्रं हातात माइक घेऊन रॉक मैफलीसारखी गातात, माइकचा स्टँड पुढे क्रुसाच्या प्रसंगात येतो. ज्यूडास लाचेच्या चांदीच्या पेटीत हात घालतो आणि त्याचे हात चंदेरी होतात. ते पुढे तसेच राहतात, पुसले जात नाहीत. चाबकाच्या फटक्यांच्या प्रसंगात रक्ताऐवजी अंगावर चमकी उधळली जाते. या निर्मितीला 2017 मध्ये सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवित म्युझिकलचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं. नंतर ती बार्बिकन केंद्रात आणि अमेरिकेच्या दौऱ्यावरही गेली.

अल्बम शंभरदा ऐकून हे चंदेरी हात दिसत नाहीत.

मग चित्रीकरण का पाहत नाहीत?

कारण बऱ्याचदा ते नसतं, आणि असलं तरी हाती लागत नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे 1970 पासूनचा नाट्यप्रयोगांच्या चित्रफितींचा मोठा संग्रह आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने 1992 पासून असाच संग्रह सुरू केला. पण कलाकार आणि तंत्रज्ञांच्या संघटनांशी झालेल्या करारांनुसार हे चित्रीकरण बाहेर देता येत नाही. आधी वेळ घेऊन तिथेच बसून पाहावं लागतं. म्हणजे रेकॉर्डिंग पाहायलाही विमान पकडायचंच!

यामागे व्यवहार आहे. थेट प्रयोगाचं तिकीट विकलं जावं, लेखक-संगीतकारांचे हक्क राहावेत, दौऱ्यांना प्रेक्षक मिळावा. हक्कांची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या मैफलीत यातलं एक गाणं गाणं वेगळं आणि वेशभूषा, प्रसंग, पात्रं यांसह पूर्ण कृती उभी करणं वेगळं. दुसऱ्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. ती किती काळासाठी, कोणत्या शहरासाठी, किती प्रयोगांसाठी हे सगळं ठरवून दिलेलं असतं. मुदत संपली की निर्मिती संपते. नेपथ्य मोडीत जातं, कलाकार दुसऱ्या कामाला लागतात.

मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगायला नको. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर 'संयुक्त मानापमान'साठी उभे राहिले. शंभर वर्षं उलटली तरी त्याचं वर्णन सांगितलं जातं, आणि ते सांगावंच लागतं, कारण पाहायला काही नाही. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. त्या रात्री जे नाट्यगृहात होते ते होते.

आवाजाचा मुद्दा उरतोच. ड्रम्स आणि बेस गिटार कानाइतकेच छातीत ऐकू येतात. फोनच्या स्पीकरमध्ये तो खालचा सूर येतच नाही. शिवाय 'गेथसेमनी' हे येशूचं गाणं आहे. त्यात गायकाला आवाज फाटेल की काय असं वाटणाऱ्या उंचीवर जावं लागतं. रेकॉर्डवर तो सूर लागणार हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. नाट्यगृहात ते कुणालाच माहीत नसतं, गायकालाही नाही.

मोठी अडचण: तिकीट आधी की व्हिसा आधी?

लंडनचं उदाहरण घेऊ. मर्यादित काळासाठी येणाऱ्या गाजलेल्या निर्मितीची विक्री अनेक महिने आधी, कधी वर्षभर आधी सुरू होते. मोठं नाव भूमिकेत असेल तर चांगल्या जागा पहिल्याच दिवशी जातात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी मात्र प्रवासाच्या जास्तीत जास्त 3 महिने आधीच अर्ज करता येतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे 3 आठवडे लागतात. आणि व्हिसा मिळेपर्यंत प्रवासाचं बुकिंग करू नका, असा अधिकृत सल्ला असतो.

म्हणजे नाटकाचं तिकीट व्हिसाच्या कितीतरी आधी काढावं लागतं. व्हिसा नाकारला गेला तर त्याचं शुल्क (2025 मध्ये 6 महिन्यांच्या पर्यटक व्हिसासाठी 127 पौंड) परत मिळत नाही. तिकिटाचे पैसेही सहसा मिळत नाहीत. मोठा तोटा विमान आणि हॉटेलचा असतो, त्यामुळे जाणकार मंडळी क्रम असा ठेवतात: आधी नाटकाचं तिकीट, मग व्हिसा, मग विमान. विमान महाग पडलं तरी चालेल. हॉटेल शेवटच्या क्षणापर्यंत रद्द करता येईल असंच घ्यायचं.

वेस्ट एंडच्या तिकिटावर सहसा ओळखपत्र पाहिलं जात नाही, त्यामुळे ते दुसऱ्याला देता येतं. लंडनमध्ये एखादी मावसबहीण असेल तर निदान तिची संध्याकाळ चांगली जाईल. नियम प्रत्येक नाट्यगृहाचे वेगळे असतात, अटी वाचूनच पैसे भरावेत.

युरोपात, म्हणजे इटली, जर्मनी, झेक प्रजासत्ताक, स्पेन अशा शेंगेन देशांत, गणित थोडं सोपं आहे. अर्ज 6 महिने आधी करता येतो, शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय विमा कवच लागतं. निर्णयाला नियमानुसार 15 दिवस, पण उन्हाळ्याच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जाऊ शकतात. या काळात पासपोर्ट अर्जासोबत अडकलेला असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेच्या व्हिसाला मुलाखतीची तारीख मिळवणं हीच मोठी परीक्षा. तिथे आधीपासून व्हिसा असलेल्यांनीच ब्रॉडवेची स्वप्नं पाहावीत, निदान एखाद्या ठराविक निर्मितीसाठी तरी.

एक अपवाद जर्मनीतल्या बोखुम शहराचा. तिथे वेबर यांच्याच 'स्टारलाइट एक्सप्रेस'साठी खास नाट्यगृह बांधलं गेलं. कलाकार रोलर स्केट्सवर प्रेक्षकांच्या मधून धावतात आणि 1988 पासून तिथे तोच खेळ चालू आहे. हा काटेकोर अर्थाने रॉक ऑपेरा नाही, पण ज्याला तारखांची धाकधूक नको त्याने इथून सुरुवात करायला हरकत नाही. 'सुपरस्टार'ला असं कायमचं घर नाही.

ज्याच्यासाठी गेलो, तोच आला नाही तर?

हे होतं, आणि बरेचदा होतं. वेस्ट एंड आणि ब्रॉडवेवर आठवड्याला साधारण 8 प्रयोग असतात. 'गेथसेमनी' आठवड्यातून आठ वेळा गाणं हे गळ्यावर अत्याचार करण्यासारखं आहे. म्हणून मोठ्या गायन-भूमिकांना अनेकदा 'ऑल्टरनेट' नेमला जातो, म्हणजे ठराविक प्रयोग दुसराच कलाकार करतो. 'अंडरस्टडी' हा मुख्य कलाकार आजारी पडला की उभा राहणारा बदली कलाकार. 'स्विंग' हा त्याहून कठीण प्रकार: समूहातल्या अनेक भूमिका पाठ ठेवून, ऐनवेळी ज्याची गरज पडेल ती करणारा.

वेस्ट एंडवर कलाकार बदलला म्हणून सहसा पैसे परत मिळत नाहीत. ब्रॉडवेवर प्रथा अशी की ज्याचं नाव जाहिरातीत नाटकाच्या नावाच्या वर छापलं आहे, तो गैरहजर असेल तर परतावा किंवा दुसरी तारीख मागता येते. बाकी कुणासाठी नाही.

मोठ्या कलाकाराच्या रजेच्या आणि ऑल्टरनेटच्या तारखा अनेकदा आधी जाहीर होतात. तिकीट काढण्याआधी नाट्यगृहाच्या संकेतस्थळावर पाच मिनिटं घालवली तर हळहळ टळते. जमत असेल तर एका सहलीत दोन प्रयोग पाहावेत, एक आधी काढलेल्या चांगल्या तिकिटावर आणि दुसरा मिळेल त्या स्वस्त जागेवरून. हे चैनीचं वाटेल. पण विमान, राहणं आणि व्हिसा या खर्चापुढे नाटकाचं तिकीट हा बहुतेक वेळा सर्वांत लहान आकडा असतो. इतक्या लांब येऊन एकाच संध्याकाळीवर सगळं लावणं हा खरा जुगार. आणि बदली कलाकाराचा प्रयोग कमअस्सल असतो हा समजही सोडून द्यावा. त्या रात्री त्याला सिद्ध करायचं असतं.

स्वस्त जागांसाठी लंडनच्या लेस्टर स्क्वेअरला आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला 'टीकेटीएस' ही सवलतीची तिकीट खिडकी आहे. अनेक नाट्यगृहं त्या-त्या दिवशीची काही तिकिटं कमी दरात किंवा सोडतीने देतात. जुन्या नाट्यगृहांत खांबाआडच्या जागा असतात. त्या 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' म्हणून कमी दराने विकल्या जातात. संवाद नाहीत, गाणंच आहे, मग दिसलं नाही तरी काय बिघडलं, असं वाटू शकतं. चंदेरी हात नेमके खांबाआड गेले की कळतं.

पाऊस, झोप आणि शब्द

खुल्या नाट्यगृहात पावसाची वेगळीच धास्ती. रीजंट्स पार्कमध्ये पावसाने प्रयोग थांबला तर प्रथा आहे ती तिकीट दुसऱ्या तारखेला बदलून देण्याची, पैसे परत देण्याची नाही. लंडनकराला हे सोयीचं. दुसऱ्या दिवशी हीथ्रोहून मुंबईचं विमान असणाऱ्याला त्याचा काय उपयोग? अशा ठिकाणी प्रयोग सहलीच्या सुरुवातीला ठेवावा, शेवटी नाही. याच खुल्या जागेचा एकदा फायदाही झाला. करोनामुळे बंद असलेल्या लंडनमध्ये ऑगस्ट 2020 मध्ये इथे 'सुपरस्टार'चा मैफलीच्या स्वरूपातला प्रयोग सुरू झाला. प्रेक्षक कमी, आसनं दूर दूर. बंदिस्त नाट्यगृहं तेव्हा कुलूपबंद होती.

सुरुवातीला ठेवावा, पण पहिल्याच दिवशी नको. लंडनच्या उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातची तिसरी घंटा होते तेव्हा भारतात रात्रीचे बारा वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये सातचा प्रयोग म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. विमानातून उतरलेल्या दिवशी तिकीट काढलेले प्रेक्षक महागड्या खुर्चीत डुलक्या काढताना दिसतात, मागे कितीही गिटार वाजो. सुट्टीचा वारही तपासावा: वेस्ट एंडवर बहुतेक नाट्यगृहं रविवारी बंद असतात, ब्रॉडवेवर सोमवारी.

शब्दांची तयारी मात्र घरूनच करून जावी. मोठ्या ऑपेरागृहांत रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी उमटतात. म्युझिकल्सना ही सोय रोज नसते, ठरावीक 'कॅप्शन्ड' प्रयोगांनाच असते. सगळी गोष्ट गाण्यात आणि त्यावर ड्रम्स, त्यामुळे इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही अर्धे शब्द निसटतात. सोव्हिएत काळातला 'जुनो आणि अवोस' किंवा हंगेरीचा 1983 मधला 'राजा इश्तवान' हे त्या-त्या देशांत जीव ओवाळून टाकावेत इतके लाडके रॉक ऑपेरा आहेत. ते पाहायला जाणाऱ्याने तर कथा आधी वाचूनच जावं.

गाणी पाठ असली तरी गुणगुणणं टाळलेलं बरं. एप्रिल 2023 मध्ये मँचेस्टरला 'द बॉडीगार्ड' या म्युझिकलचा प्रयोग प्रेक्षकांतले काही जण मोठ्याने गाऊ लागल्यामुळे थांबवावा लागला होता. पोलीस आले. आपल्याकडे पदाला 'वन्समोअर' मिळायचा, पण तो पद संपल्यावर.

मुंबईत येण्याची वाट पाहावी का?

हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी कुणी विचारलाही नसता. 2023 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी 'द साउंड ऑफ म्युझिक' आणि 'वेस्ट साइड स्टोरी' यांचे आंतरराष्ट्रीय संच तिथे आले. तिकीट स्वस्त नव्हतं, पण लंडनपेक्षा नक्कीच स्वस्त. व्हिसाही नको.

पण दौऱ्यावर काय निघतं, हे पाहिलं पाहिजे. ज्या म्युझिकलची निर्मिती जगभर हुबेहूब तीच ठेवली जाते, तेच नेपथ्य, तेच कपडे, त्याच हालचाली, त्याला एका देशातून दुसऱ्या देशात नेणं सोपं असतं. 'सुपरस्टार'चं तसं नाही. एखाद्या दिग्दर्शकाची निर्मिती दौऱ्यावर निघालीच, तर ती कुठे जाणार हे निर्माते ठरवतात, आणि त्यात धार्मिक विषयाची धास्तीही मोजली जात असणार. ज्या चाहत्याला 'सुपरस्टार' पाहायचं आहे, कुठलंही चालेल, त्याने वाट पाहायला हरकत नाही. ज्याला एखादा ठराविक गायक किंवा दिग्दर्शकाची ठराविक मांडणी पाहायची आहे, त्याच्या हातात त्या निर्मितीची शेवटची तारीख असते आणि तीच खरी मुदत.

वेबर यांचंच 'द फँटम ऑफ द ऑपेरा' लंडनमध्ये 1986 मध्ये सुरू झालं. मुंबईत त्याचा पडदा उघडला मार्च 2025 मध्ये, म्हणजे 38 वर्षांहून जास्त काळाने.